उलटी छत्री आणि गाडीची काच



माबेलात पाऊस आकाशातून कमी आणि फोनमधून जास्त पडतो, हे आता आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. डोंगराच्या बाजूला जरा काळं दिसलं, वाऱ्याबरोबर धूळ उठली, की पहिला थेंब गच्चीवर पडायच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर हवामान खात्याचे नकाशे येऊन पडतात. मग भज्यांचे फोटो. मग वादी वाहू लागल्याचे व्हिडिओ. आणि दोन दिवसांनी, आकाश पुन्हा घासलेल्या परातीसारखं लख्ख झालं, की सुरू होतात छत्र्या.

या छत्र्यांबद्दलच आज थोडं लिहायचं आहे. कुणी माणूस दोन्ही हातांनी दांडा धरून उभा आहे आणि वारा त्याला रस्त्याच्या कडेने ओढत नेतो आहे. चौकाजवळ एका बाईची छत्री उलटून तिचा तसराळ्यासारखा आकार झाला आहे आणि त्यात पाणी साठतं आहे. कुणी छत्रीमागे धावतो आहे, छत्री थांबते, तो वाकतो, छत्री पुन्हा पळते. त्यावर एखादं ढोलकीचं संगीत चढवलेलं असतं. खाली पिवळ्या हसऱ्या तोंडांची रांग. जगभरातून येतात तशा या क्लिपा येतात, त्यांतल्या निम्म्या कुठल्या देशातल्या हेही कळत नाही. पण गेल्या दोन-तीन हिवाळ्यांपासून त्यांत इथल्याही दिसू लागल्या आहेत. ओळखीचा पेट्रोल पंप, ओळखीची पाटी, आपल्याच बकाल्याचं निळं शटर.

आता काही वाचक म्हणतील, झालं, यापुढे हसायलाही समितीची मंजुरी काढावी लागणार. तसं नाही. उलटी छत्री ही हसण्याचीच गोष्ट आहे आणि आपण महाराष्ट्रातली माणसं तर त्या हसण्यातच लहानाची मोठी झालो. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी काळ्या छत्रीवर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव रंगवून घ्यायचं, हा आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या बहुतेकांच्या घरचा कार्यक्रम होता. मुंबईत छत्र्यांचा धंदा इतका जुना की इब्राहिम करीम यांची पेढी १८६० पासूनची आहे. रस्त्याच्या कोपऱ्यावर बसणारा छत्री दुरुस्तीवाला पावसाच्या तोंडावर काड्यांचा भारा घेऊन यायचा आणि आपण मोडकी छत्री घेऊन त्याच्यापुढे रांग लावायचो.

दादरच्या पुलावर चढताना वाऱ्याचा झोत आला की एकाच वेळी पन्नास छत्र्या उलट्या व्हायच्या. शेजारचा हसायचा, आपण हसायचो, कारण पुढच्या पावलावर त्याचीही उलटणार हे दोघांनाही ठाऊक असायचं. साहेबाची उलटायची, शिपायाची उलटायची. दोघेही सारखेच भिजून कचेरीत पोचायचे आणि पंख्याखाली चपला वाळत घालायचे. कुणी कुणाकडे वरून बघत नव्हतं.

छत्री उलटते का, हेही सांगून टाकू, कारण बालवर्गातल्या एका मुलाने हा प्रश्न विचारला होता आणि त्याला 'वारा येतो म्हणून' एवढंच उत्तर मिळालं. छत्रीचा आकार घुमटासारखा. वारा त्या घुमटावरून जाताना वेग घेतो, त्यामुळे वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो. आतल्या बाजूला हवा कोंडते आणि तिथला दाब वाढतो. छत्री वर उचलली जाते ती त्यामुळे. त्यात झोत खालून शिरला तर काड्यांना जो बाक दिलेला असतो त्याच्या उलट दिशेने जोर पडतो आणि त्या मागे वळतात. म्हणून जोराच्या वाऱ्यासाठी कापडाचे दोन थर आणि मध्ये फट ठेवलेल्या छत्र्या करतात, हवा त्या फटीतून निघून जाते. आणि म्हणूनच कोकणात, मावळात भातलावणी करणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या छत्री नव्हे, इरलं वापरत आल्या. बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं ते पाठीवरचं छप्पर डोक्यापासून कमरेपर्यंत येतं, हात मोकळे राहतात आणि वाकून काम करताना वाऱ्याला आत शिरायला जागाच मिळत नाही. इरलं उलटल्याची क्लिप आजवर आमच्या बघण्यात आलेली नाही.

आता इकडे या. मस्कतमध्ये वर्षाकाठी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंदला गेला, म्हणजे आपल्याकडचा नऊ-दहा वर्षांचा पाऊस एका दिवसात. इतक्या कमी पावसाच्या गावात पावसासाठी छत्री कोण बाळगणार? खरीफमध्ये सलालाहला जाताना आपण हौसेने एखादी बॅगेत टाकतो, ती तिथल्या भुरभुरीला पुरते. एरवी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी छत्री असलीच तर ती भारतातून आलेल्या कुणीतरी विसरून गेलेली असते. घरातून लिफ्टने खाली, खालून गाडीत, गाडीतून ऑफिसच्या किंवा मॉलच्या तळघरात. अंगावर थेंब पडायची सोयच नाही.

तरीही क्लिपांमध्ये छत्र्या दिसतात. त्या कुणाच्या? इथे छत्री मुळात उन्हासाठी विकत घेतली जाते आणि उन्हात चालावं लागतं ज्याला गाडी नाही त्याला. सनाइय्यातल्या गॅरेजमधून शिफ्ट संपवून खोलीकडे निघालेली पोरं. रस्ता झाडणारे. दुसऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या बायका. बांधकामावरचे मुकादम. दीड-दोन रियालची, उन्हापुरती घेतलेली, बारीक काड्यांची छत्री. ती वादळात टिकणार तरी कशी? आणि हो, या यादीत आणखी एक वर्ग आहे, तो म्हणजे व्हिजिट व्हिसावर आलेले आपले आईबाबा. संध्याकाळचा फेरा चुकवायचा नाही, आणि आयुष्यभर पावसात चालण्याची सवय, त्यामुळे 'चार थेंबांना काय घाबरायचं' म्हणून तेही छत्री घेऊन निघतात.

आम्ही या इथल्या क्लिपा मुद्दाम पुन्हा पाहिल्या. बहुतेकांत एक गोष्ट सारखी आहे. चित्राच्या एका कोपऱ्यातून वायपर जातो. काचेवर पाणी ओघळतं आहे, आत रेडिओ चालू आहे, कुणीतरी 'अरे बघ बघ' म्हणतं आहे. म्हणजे चित्रण करणारा कोरडा आहे आणि चित्रणातला भिजतो आहे. दादरच्या पुलावरचं हसणं आणि हे हसणं यांत फरक आहे तो इथे. तिथे दोघांच्या हातात छत्र्या होत्या. इथे एकाच्या हातात छत्री आहे आणि दुसऱ्याच्या हातात फोन.

हे काही आजचं नाही म्हणा. अठराव्या शतकात लंडनमध्ये जोनास हॅनवे नावाचे गृहस्थ भर रस्त्यात छत्री घेऊन फिरू लागले तेव्हा त्यांची टिंगल करण्यात सगळ्यात पुढे होते घोडागाडीवाले. पाऊस आला की लोक गाडी करणार, तर हा माणूस पायी चालतो आहे! त्यांच्या टिंगलीला निदान पोटापाण्याचं कारण होतं.

गेल्या हिवाळ्यातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. ज्यांचा संबंध आहे त्यांची संमती घेतली आहे, नावं मुद्दाम दिलेली नाहीत. एका क्लिपमध्ये एक मुलगा छत्री घेऊन चालला होता, पण छत्री डोक्यावर न धरता काखेतल्या गाठोड्यावर धरली होती. स्वतः नखशिखांत भिजलेला. वारा आला, छत्री उलटली, गाठोडं सावरताना तो चिखलात गुडघ्यावर बसला आणि तरी गाठोडं त्याने वर उचलून धरलं. 'डोक्यापेक्षा बोचकं महत्त्वाचं' अशा अर्थाची ओळ कुणीतरी त्यावर टाकली होती. क्लिप पुष्कळ फिरली. ती आपल्या गटात येऊन पोचली तेव्हा एका वहिनींनी त्याला ओळखलं. आपल्याच गल्लीतल्या लाँड्रीतला, घरोघरी इस्त्रीचे कपडे पोचवणारा मुलगा. गाठोड्यात आपल्यातल्याच कुणाचे तरी शर्ट होते. कपडे भिजले तर पुन्हा धुवून इस्त्री करायचे आणि मालकाची बोलणी खायची, म्हणून छत्री गाठोड्यावर.

वहिनींनी त्याला विचारलं तेव्हा कळलं की क्लिप त्याच्यापर्यंत केव्हाच पोचली होती, आणि ती इथून नव्हे, गावाकडून आली होती. त्याने घरी सांगितलं होतं की दुकानात काउंटरवर बसतो. बायकोला, सासऱ्याला, धाकट्या भावाला, सगळ्यांना तेच माहीत. गावातल्या कुणीतरी चेहरा ओळखला आणि घरी नेऊन दाखवला. सासरे म्हणाले, काउंटर असा असतो का. हे तो सांगत होता तेही हसत हसत, असं वहिनी म्हणाल्या, आणि पिशवीतले कपडे मोजून देत होता.

आपल्यापैकी किती जणांनी घरी काय काय सांगितलं आहे, त्याची उजळणी ज्याने त्याने मनात करावी. नोकरी गेल्यावर दोन महिने रोज सकाळी ऑफिसची वेळ झाली की आईला फोन करणारे आपल्यात आहेत. 'इथे सगळं उत्तम' हे वाक्य आखातातून जितक्या वेळा भारतात गेलं असेल तितक्या वेळा दुसरं कुठलं गेलं नसावं. परदेशात राहणारा माणूस घरच्यांसाठी स्वतःचं एक चित्र तयार करतो, त्यात थोडा रंग जास्त असतो, पण ते त्याने कष्टाने तयार केलेलं असतं. बारा-पंधरा सेकंदांच्या क्लिपने ते फाटतं आणि फाडणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. आमच्या मते या प्रकारातला सर्वांत मोठा तोटा हाच आहे. पडल्याचा अपमान माणूस दोन दिवसांत विसरेल, पण घरी सांगितलेलं खोटं ठरल्यावर तो पुढचा फोन कसा करणार?

यावर एक-दोन मित्रांनी आमच्याशी वाद घातला, तो नोंदवतो. एक म्हणाले, विनोद म्हटला की कुणीतरी पडणारच. चार्ली चॅप्लिन पडत नव्हता का? पडत होता. बस्टर कीटनच्या १९२८ च्या 'स्टीमबोट बिल ज्युनिअर' मध्ये वादळात अख्ख्या घराची दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि तो नेमका उघड्या खिडकीच्या जागी उभा असल्याने वाचतो. भिंत खरी होती, वजनदार होती, जरा इकडेतिकडे झालं असतं तर मेलाच असता. पण कुठे उभं राहायचं हे त्याने स्वतः मोजून ठरवलं होतं, आपण हसावं म्हणून. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाची फजिती आपल्याला वाचायला आवडते, कारण ती खुद्द चिमणरावच सांगत असतात. लाँड्रीतल्या मुलाने आपली फजिती कुणाला सांगायला दिली नव्हती. त्याने स्वतः उद्या चहा पिताना सांगितली तर आम्हीही पोट धरून हसू.

दुसरे मित्र म्हणाले, वादळाचे व्हिडिओ फिरतात म्हणून तर लोक सावध होतात. हे बरोबर आहे. अमुक ठिकाणची वादी वाहते आहे, रस्ता बंद आहे, असा व्हिडिओ ठिकाण आणि वेळ सांगून टाकला तर तो उपयोगी आहे, त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. पण आपल्या गटात येणाऱ्या वादळी क्लिपांपैकी कितींवर ठिकाण आणि वेळ असते? २०२१ च्या क्लिपा दर पावसाला 'आत्ताच' म्हणून परत येतात आणि भारतातल्या आजीआजोबांचं रक्तदाबाचं औषध वाढवतात.

आणि वादळ हा इथे खेळ नाही, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. जून २००७ चं गोनू ज्यांनी पाहिलं ते अजून त्याबद्दल आवाज खाली करून बोलतात. ओमानमध्ये पन्नासच्या आसपास माणसं गेली, मस्कतचे रस्ते वाहून गेले, पाणी आणि वीज कित्येक दिवस नव्हती. ऑक्टोबर २०२१ चं शाहीन तर आपल्या अगदी जवळून, बातिना किनाऱ्यावर, सुवैकच्या बाजूला जमिनीवर आलं. त्याचं आणि आपलं एक नातंही आहे. बंगालच्या उपसागरातलं गुलाब नावाचं वादळ २६ सप्टेंबरला आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर आलं, त्याच्या उरलेल्या ढगांनी मराठवाड्यात सोयाबीन पाण्यात घातलं, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. तेच ढग पुढे अरबी समुद्रात उतरले, पुन्हा जोर धरला, नवं नाव घेतलं आणि ३ ऑक्टोबरला इथे येऊन धडकले. लातूर-बीडकडच्या आपल्या काही कुटुंबांना आठवड्याच्या आत एकाच पावसाने दोन्ही घरी गाठलं. एप्रिल २०२४ मध्ये समद अश्शान इथे शाळकरी मुलांना घेऊन जाणारं वाहन वादीच्या लोंढ्यात सापडलं आणि मुलं गेली. त्या दिवशीही आपल्या फोनवर छत्र्या येतच होत्या.

क्लिप बारा सेकंदांची असते, तेराव्या सेकंदाला काय झालं ते ती सांगत नाही. मुंबईत २९ ऑगस्ट २०१७ ला बॉम्बे हॉस्पिटलमधले नामवंत पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर, पाण्यात गाडी अडकली म्हणून उतरून, छत्री घेऊन पायी घरी निघाले. पाणी ओसरावं म्हणून उघडलेल्या मॅनहोलमध्ये ते पडले. लोकांच्या हाती लागली ती त्यांची छत्री. दोन दिवसांनी वरळीला त्यांचा मृतदेह मिळाला. त्या दिवशी पाण्यातून छत्री सांभाळत, तोल जात चालणारी अशी शेकडो माणसं त्या शहरात होती आणि त्यांच्यावर शेकडो फोन रोखलेले होते. कोण नुसतं धडपडतं आहे आणि कोण बुडणार आहे, हे काचेच्या आतून ओळखता येत नाही.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो, कारण नव्याने आलेल्या कुटुंबांना ते माहीत नसतं. ओमानच्या माहिती-तंत्रज्ञान गुन्ह्यांच्या कायद्याचं, म्हणजे राजाज्ञा १२/२०११ चं, १६ वं कलम कॅमेरा असलेल्या फोनने दुसऱ्याच्या खाजगी किंवा कौटुंबिक आयुष्यात शिरून काढलेल्या आणि पसरवलेल्या चित्रणाबद्दल आहे. चित्रण खरं असलं तरी सुटका नाही. एक ते तीन वर्षं कैद आणि एक हजार ते पाच हजार रियाल दंड, किंवा यांपैकी एक. कुठली क्लिप त्यात बसते ते ठरवणं न्यायाधीशांचं काम आहे. आपल्यापैकी कुणाला त्यांच्यासमोर उभं राहून ते विचारायची हौस असेल असं वाटत नाही. वाहती वादी गाडीने ओलांडणं हाही इथे शिक्षेचा गुन्हा आहे, तेव्हा ते धाडस करून त्याचं चित्रण करणारे दोन पुरावे एकदम तयार करत असतात.

मग पावसात रस्त्यावर कुणी अडकलेला दिसला तर काय करायचं? हमरस्त्यावर एकदम गाडी थांबवायची नाही, मागचा येऊन आदळेल. आतल्या रस्त्यावर असाल आणि जागा असेल तर कडेला घेऊन काच खाली करा आणि कुठे जायचं ते विचारा. सीट भिजेल. ती वाळते. पायी असाल तर वाऱ्याकडे तोंड करून छत्री पुढे तिरकी धरा, आणि वारा फारच असेल तर सरळ मिटून टाका, कारण उघड्या छत्रीने तोल जातो आणि पुढचा खड्डाही दिसत नाही. विजा होत असतील तर उघड्या मैदानात छत्री घेऊन उभं राहू नका, इमारतीत किंवा बंद गाडीत जा. रस्त्यावर तांबडं पाणी वाहताना दिसलं, भले ते घोट्याइतकंच असो, तर त्यात पाय घालू नका. आईबाबा आलेले असतील तर त्यांना वादी म्हणजे काय ते पहिल्याच आठवड्यात समजावून सांगा. कोकणातला ओढा डोळ्यांदेखत वाढतो. इथली वादी डोंगरात पडलेल्या पावसाने भरते आणि आपल्या डोक्यावर ऊन असताना येते.

लाँड्रीतल्या मुलाला वहिनींनी घरातला जुना रेनकोट दिला. तो आता गाठोड्याला गुंडाळतो की स्वतः घालतो, ते पुढच्या पावसात दिसेलच. त्यावरून एक गोष्ट सुचली ती समितीपुढे ठेवली आहे आणि बहुतेकांची हरकत नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या माळ्यावर भारतातून आणलेले आणि इथे कधीच न वापरलेले रेनकोट पडून आहेत. ते नोव्हेंबरच्या आत गोळा करून आपल्या भागातल्या लाँड्रीवाल्यांना, झाडूवाल्यांना आणि इमारतींच्या वॉचमनना द्यावेत. बालवर्गाच्या वेळी शुक्रवारी आणून दिले तरी चालतील. बटणं आणि चेन तपासून, वाळवून आणावेत. लहान मुलांच्या मापाचे नकोत, मोठ्यांचेच हवेत, आणि शक्यतो गडद रंगाचे नसावेत, म्हणजे पावसात गाडीवाल्याला लांबून दिसतील.